सिकलसेलची माहिती: यूट्यूब की ई-संजीवनी?
गडचिरोलीकडच्या एका ताईंचा प्रश्न: मुलीचा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रिपोर्ट ‘वाहक’ आला (म्हणजे तिला आजार नाही, पण तिच्याकडून मुलांत जाऊ शकतो), लग्न ठरतंय. यूट्यूबवर बघू, की ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांशी बोलू?

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत, डेटा तेवढा जातो. रेंजचं म्हणाल तर यूट्यूब सोयीचं. डाउनलोड केलेला व्हिडिओ वावरातही बघता येतो. ई-संजीवनीला ओटीपी, रांग आणि बोलणं होईस्तोवर टिकणारं नेटवर्क हवं. घरी जमलं नाही तर आरोग्य उपकेंद्रात विचारा.

खरा फरक भरवशाचा. ‘जडीबुटीनं सिकलसेल मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या व्हिडिओखाली औषधासाठी मोबाइल नंबर दिसला, की तिथंच बंद करा. हा आजार आईबापांकडून येतो, काढ्यानं जात नाही. शिवाय व्हिडिओला तुमचा रिपोर्ट दिसत नाही, डॉक्टरांना दाखवता येतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून आधी होणाऱ्या जावयाची तपासणी करा, ताई.

आजार म्हणजे काय, हे घरच्यांना समजवायचं असेल तर यूट्यूब, तेही सरकारी रुग्णालयाचं चॅनल. लग्न, गरोदरपण, गोळ्या यांचं ठरवायचं असेल तर ई-संजीवनीच. आणि पीडित लेकराला जोराचा ताप किंवा दम लागला, तर दोन्ही सोडून १०८ लावा.