कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन: १९१७ची दोन रिव्हॉल्व्हर

ओहायोत आमच्या घराजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर मी शनिवारी जातो. या महिन्यात एम १९१७ची दोन्ही रिव्हॉल्व्हर एकाच टेबलावर ठेवून झाडली. कोल्टचं माझं, स्मिथ अँड वेसनचं तिथल्या एका वयस्कर मित्राचं.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा सैन्याला एम १९११ पिस्तुलं पुरेनात, म्हणून या दोन कंपन्यांकडून त्याच पिस्तुलाच्या .४५ एसीपी काडतुसाची रिव्हॉल्व्हर बनवून घेतली. प्रत्येकी दीड लाखाच्या आसपास. अडचण अशी की पिस्तुलाच्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलायला एक्स्ट्रॅक्टरला काही धरताच येत नाही. त्यावर तोडगा निघाला अर्धचंद्राच्या आकाराच्या पोलादी क्लिपचा. एका क्लिपमध्ये तीन काडतुसं, दोन क्लिपांत सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) भरलं.

या क्लिपांवर सगळं अवलंबून आहे. मी एकदा स्वस्तातल्या घेतल्या. एक जरा वाकलेली निघाली आणि तिसऱ्या बारालाच सिलिंडर अडकलं. आता प्रत्येक क्लिप आधी काचेवर ठेवून पाहतो, डुगडुगली की कचऱ्यात.

स्मिथच्या सिलिंडरमध्ये काडतूस टेकायला आत खाच आहे. क्लिप नसली तरी बार उडतो, फक्त पुंगळ्या मग पेन्सिलीने एकेक ढकलून काढायच्या. माझं कोल्ट सुरुवातीच्या खेपेतलं, भोकं आरपार सरळ. क्लिपशिवाय काडतूस पुढे घसरतं आणि घोड्याची पिन त्याच्यापर्यंत पोचत नाही.

चापाचा फरक तर पहिल्या बारालाच कळतो. स्मिथचा एकसारखा ओढला जातो, कोल्टचा शेवटाला जड होत जातो. माझा हात लहान आहे, कोल्टची मूठ मोठी. नुसता चाप ओढून झाडताना माझ्या गोळ्या डावीकडे गेल्या. घोडा आधी चढवला की मात्र पंधरा यार्डांवर दोन्हींचे सहाच्या सहा काळ्या वर्तुळात.

कोल्टच्या निळसर पोलादाखाली ब्रशचे ओरखडे अजून दिसतात, युद्धाची घाई होती ना! नळीखालचा ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ हा शिक्का मी नेहमी बोटाने चाचपतो. हे मी विकणार नाही. पण झाडायला म्हणून पहिलं १९१७ घेत असाल तर स्मिथच घ्या. घेण्याआधी रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करा, घोडा चढवा आणि सिलिंडर दोन बोटांत धरून हलवून बघा. खडखड वाजलं तर परत ठेवा.