डिझेल इंजिनातला ‘फसफस’ आवाज: नाशिकमधील एका छोट्या गॅरेजच्या कामाचा अनुभव

अंबड लिंक रोडपासून थोडे आत, पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या एका डिझेल गॅरेजविषयी मी हे लिहीत आहे. तिथल्या मालकांनी कुठेही नाव देऊ नये अशी विनंती केल्यामुळे गॅरेजचे नाव लिहिलेले नाही. गाडीच्या कंपनीचे नावही मुद्दाम टाळले आहे, कारण ज्या बिघाडाबद्दल सांगायचे आहे तो कॉमन रेल पद्धतीच्या (म्हणजे एकाच सामाईक नळीत उच्च दाबाने साठवलेले डिझेल सर्व सिलिंडरांना पुरवणाऱ्या) जवळपास कोणत्याही डिझेल इंजिनात, पुरेसे किलोमीटर झाले की, उद्भवू शकतो. माझी गाडी चार सिलिंडरची, लाखाच्या वर चाललेली, वेळच्या वेळी ऑईल बदललेली आणि तोपर्यंत कसलीही कुरकुर न करणारी होती.

सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की बोनेटखालून ‘फस-फस-फस’ असा ठरावीक लयीतला आवाज येऊ लागला. इंजिन गरम झाल्यावर तो थोडा दबायचा, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की पुन्हा स्पष्ट ऐकू यायचा. पिकअप कमी झालेला नव्हता, सायलेन्सरमधून काळा धूर नव्हता, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवाही लागत नव्हता. मात्र सिग्नलला थांबल्यावर, एसीचा पंखा बाहेरची हवा आत घेत असताना, गाडीत जळक्या डिझेलचा वास यायचा. हा वास मला आवाजापेक्षा अधिक अस्वस्थ करत होता, कारण मागच्या सीटवर रोज दोन लहान मुले बसतात.

आधी मी गाडी एका मोठ्या, काचेच्या स्वागतकक्षाच्या वर्कशॉपमध्ये नेली होती. तिथे कोणी बोनेटखाली वाकून आवाज ऐकला नाही. स्कॅनर लावला, एकही एरर कोड आला नाही, आणि तरीही हातात जे एस्टिमेट पडले त्यात चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे भाग) आणि शिवाय क्लच-फ्लायव्हीलचा संच लिहिलेला होता. कशाच्या आधारावर, असे विचारल्यावर ‘या किलोमीटरला हे जातेच’ एवढेच उत्तर मिळाले. ज्या रकमेचा तो कागद होता, त्या रकमेत त्या वयाची गाडी विकून टाकावी असा विचार कोणाच्याही मनात आला असता. अंदाजावर भाग बदलत जाणे आणि त्या अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेणे या पद्धतीची मला मनापासून चीड आहे.

अंबडच्या गॅरेजचे वेगळेपण पहिल्या पाच मिनिटांतच कळले. मालक साठीच्या आसपासचे आहेत आणि सगळी पोरे त्यांना ‘काका’ म्हणतात. डिझेल पंप आणि नोझल यांच्या कामावर त्यांचे आयुष्य गेले आहे. नाशिकमध्ये या कामाची जाण असलेली माणसे भेटतात हा योगायोग नाही. आज बॉश म्हणून ओळखला जाणारा, पण गावाच्या तोंडी अजूनही ‘मायको’ असलेला कारखाना इथे अनेक दशके डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनवत आला आहे, आणि २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलले तरी मायको सर्कल हे मायको सर्कलच राहिले आहे. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो आवाज केव्हा येतो हा. दुसरा, वास येतो का हा. मग म्हणाले, “साहेब, गाडी आज रात्री इथेच ठेवा. गरम इंजिनाचा आवाज ऐकून मी काही सांगणार नाही. सकाळी थंड इंजिनावर ऐकू, मग पाना लावू.” निदानाचे पैसे वेगळे घेतले जातील, दुरुस्ती इथे करा वा करू नका, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. मला हे रास्त वाटले. बिघाड शोधणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे. त्याचे पैसे उघडपणे घेणारा माणूस ते नको असलेल्या भागांच्या बिलात दडवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे हजर होतो आणि पुढचा दीड तास गाडीशेजारी उभा राहू दिले गेले, ही या गॅरेजची आणखी एक चांगली गोष्ट. गाडी सुरू होताच काकांनी प्रथम आवाजाची लय पकडली. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे आयडलिंगला, रेस न देता, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर एका सिलिंडरचा पॉवर स्ट्रोक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा येतो. चारही सिलिंडर मिळून हाच आकडा सेकंदाला सत्ताविसाच्या आसपास जातो आणि कानाला सलग घरघर वाटते. आमची ‘फस-फस’ वेगवेगळी ऐकू येत होती, जवळजवळ मोजता येईल अशी. याचा अर्थ ती सगळ्या इंजिनाची नसून एकाच सिलिंडरची होती, आणि नुसत्या कानाने निम्मे काम झाले होते.

त्यानंतर एकेक शक्यता बाद करण्यात आली. क्लचचे पेडल दाबून धरले, आवाजात फरक पडला नाही. म्हणून ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला जोडलेले, धक्के शोषणारे दुहेरी चाक) संशयितांच्या यादीतून बाहेर गेले, कारण त्याची खडखड क्लच दाबताच बहुधा बदलते. फॅनबेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवले, तरीही आवाज होता. म्हणून अल्टरनेटरची पुली आणि टेन्शनर निर्दोष ठरले. टायमिंग चेन सैल झाली असती तर थंड इंजिनावर, ऑईलचा दाब टेन्शनरपर्यंत पोहोचेपर्यंत, पत्रा खडखडल्यासारखा धातूचा आवाज आला असता. इथे धातू कुठेच वाजत नव्हता, हवा निसटत होती. टर्बोचे होज फाटले असते तर शिट्टी फक्त रेसबरोबर वाढली असती आणि ताकद घटली असती.

स्कॅनर इथेही लावला, पण कोड वाचून तो बंद केला नाही. आयडलिंगला कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा संगणक, प्रत्येक सिलिंडरमुळे क्रँकच्या वेगात पडणारा बारीक फरक मोजते आणि तो सारखा करण्यासाठी कोणाला किंचित जास्त, कोणाला किंचित कमी डिझेल देते. हे ‘करेक्शन’चे चारही आकडे शून्याच्या आसपास होते. मग चार इंजेक्टरांच्या रिटर्न लाइनला (न वापरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीला) चार पारदर्शक बाटल्या जोडून इंजिन चालू ठेवले. काही मिनिटांनी बाटल्या एका रांगेत लावून काकांनी मला खाली वाकून बघायला सांगितले: चारही बाटल्यांतले डिझेल जवळजवळ एकाच पातळीवर होते. आतून झिजलेला इंजेक्टर रिटर्नला जास्त डिझेल सोडतो आणि त्याची बाटली आधी भरते. तसे काहीच झाले नव्हते. ज्या चार इंजेक्टरांचे एस्टिमेट माझ्या खिशात होते, ते चारही चांगले होते.

यानंतरची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटली. स्कॅनरवरून एकेका सिलिंडरचे इंधन थोडा वेळ बंद केले. इंधनाच्या जळण्यामुळे होणारा ठोका असेल, तर त्या सिलिंडरचे डिझेल थांबताच तो नाहीसा होतो. तिसऱ्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर इंजिन मिसिंग करू लागले, आवाज हलका झाला, पण गेला नाही. डिझेल नसले तरी पिस्टन हवा दाबतच असतो, आणि ती दाबलेली हवा कुठून तरी बाहेर पडत होती. शेवटी इंजिनवरचे प्लास्टिकचे झाकण काढून इंजेक्टरांच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडले. तीन ठिकाणी पाणी शांत राहिले. तिसऱ्या इंजेक्टरच्या कडेने मात्र इंजिनाच्या लयीत फुगे येत आणि फुटत होते, आणि भोवती काळ्या, कडक कार्बनचा थर चढलेला दिसत होता.

कारण साधे होते. इंजेक्टरचे टोक सिलिंडर हेडमध्ये जिथे टेकते तिथे तांब्याचा एक छोटा वॉशर असतो. वरचा क्लॅम्प इंजेक्टरला त्या वॉशरवर दाबून धरतो आणि ज्वलनाचा सगळा दाब तिथेच अडतो. वॉशर थकला, बसकणीवर (वॉशर टेकतो त्या जागेवर) कार्बनचा कण अडकला किंवा क्लॅम्पचा बोल्ट सैल पडला, की कुकरची रबरी रिंग जुनी झाल्यावर कडेने वाफ सुटते तसा जळका वायू इंजेक्टरच्या कडेने वर येतो. वास त्याचाच होता. तो वायू काचेखालच्या जाळीतून एसीमार्गे गाडीत शिरत होता. दुर्लक्ष केले तर कार्बन इतका घट्ट धरतो की इंजेक्टर निघता निघत नाही, आणि हेडमधली बसकणी जळून खराब होते. ज्या इंजिनांत इंजेक्टरचे बूड टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या, ऑईल असलेल्या भागावरील झाकणाच्या) आत असते, तिथे धोका आणखी मोठा असतो: कार्बन ऑईलमध्ये मिसळून ऑईल पंपाची जाळी तुंबू शकते, आणि ऑईलचा दाब गेला की इंजिनच जाते. म्हणून अशा आवाजाला ‘डिझेल आहे, वाजणारच’ म्हणून सोडून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

दुरुस्ती दुसऱ्या टप्प्यात झाली आणि तीही घाईने नाही. आदल्या संध्याकाळी इंजेक्टरभोवती गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले, सकाळी इंजिन गरम केले आणि स्लाइड हॅमरने, सरळ रेषेत, बारीक ठोक्यांनी इंजेक्टर वर घेतला. बाजूने टॉमी लावून उचकटण्याचा प्रकार नाही. उघडी पडलेली नळ्यांची तोंडे लगेच टोपणांनी बंद केली, कारण कॉमन रेलमध्ये धुळीचा कणही चालत नाही. बसकणीचे भोक आतून बुजवून हातकटरने कार्बन काढला, कटरला ग्रीस लावलेले, म्हणजे भुगा त्यालाच चिकटून बाहेर यावा. बॅटरीच्या उजेडात काकांनी बसकणी दाखवली: कार्बनखालून निघालेले स्वच्छ, चकचकीत कडे, आणि त्यावर एका बाजूला वायू सतत सुटल्यामुळे पडलेला केसाएवढा पुसट ओरखडा. तो निघेपर्यंत कटर फिरवला गेला, त्यापेक्षा एक फेराही जास्त नाही.

नवा वॉशर निवडताना जुन्याची जाडी मोजून घेतली. वॉशर जाड किंवा पातळ झाला तर नोझलचे टोक वर-खाली होते आणि डिझेलचा फवारा पिस्टनमधल्या खड्ड्यात जिथे पडायला हवा तिथे पडत नाही. क्लॅम्पचा बोल्ट नवा घातला आणि टॉर्क पान्यानेच आवळला. बाकीच्या तीन इंजेक्टरांचे वॉशरही माझ्या संमतीने बदलले, कारण वय सर्वांचे सारखेच होते; पण प्रत्येक इंजेक्टर आपापल्या सिलिंडरमध्येच परत गेला, म्हणून कंट्रोल युनिटमध्ये इंजेक्टरांचे स्वतःचे कोड नव्याने भरावे लागले नाहीत. उच्च दाबाची एक नळी, जिच्या टोकावर खूण दिसत होती, तेवढीच नवी घातली.

इथे घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री लोक इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून दोषी सिलिंडर ओळखत असत. कॉमन रेल १९९७ मध्ये प्रवासी गाडीत आली आणि ती सवय धोकादायक झाली. या पद्धतीत दाब आयडलिंगलाही काही शे बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) असतो आणि भार आल्यावर १,६०० बार किंवा त्याहून वर जातो. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून डिझेल आत घालतो, आणि वरून जखम किरकोळ दिसली तरी तातडीची शस्त्रक्रिया लागते. या गॅरेजमध्ये नव्या पोराला सर्वांत आधी हेच शिकवले जाते, हे मी स्वतः ऐकले.

आता उणिवा. गिऱ्हाइकाला बसायला धड जागा नाही. अपॉइंटमेंट पाळली जात नाही. ज्या दिवशी गाडी मिळेल असे सांगितले होते त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मिळाली, आणि तसा फोनही मीच केला. बिल हाताने लिहिलेले असते आणि त्यात ‘इंजेक्टर काम’ एवढ्याच शब्दांत सगळे उरकलेले असते. इतके काटेकोर काम करणाऱ्यांनी काय मोजले आणि काय बदलले हे कागदावर द्यायला हवे, कारण पुढच्या बिघाडाच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो. वॉरंटीतल्या गाडीचे काम ते घेत नाहीत आणि कंपनीकडे पाठवतात, हे मात्र योग्यच आहे.

निदान, चार वॉशर, बोल्ट, एक नळी आणि मजुरी मिळून खर्च सहा हजारांच्या आत झाला. जुने वॉशर आणि बोल्ट पिशवीत घालून परत दिले. फसफस थांबली, वास गेला, आणि त्यानंतर कसारा घाट भरल्या गाडीने चढूनही तो आवाज पुन्हा आलेला नाही. ज्यांच्या डिझेल गाडीत लयीतला हवेचा आवाज आणि जळका वास एकत्र आहेत, त्यांनी इंजेक्टर बदलण्याच्या एस्टिमेटवर सही करण्याआधी साबणाच्या पाण्याची आणि रिटर्नच्या बाटल्यांची चाचणी करून मागावी. हे गॅरेज ती दोन्ही तुमच्यासमोर करते. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा. शनिवारी शेड बंद असते, आणि पैसे यूपीआयने चालतात.