'गेट इन टच' की 'रीच आउट'? ऑफिसच्या मेलमध्ये काय लिहायचं

परदेशी क्लायंटला मेल टाकताना यातलं कुठलं लिहू असं बरेच जण विचारतात. मी दोन्ही भरपूर वापरलेत, आणि चुकीचं कुठलंच नाही हे आधी सांगतो.

'रीच आउट' म्हणजे मुळात हात पुढे करणं, त्यामुळे मदत मागताना किंवा देऊ करताना ते छान बसतं. अमेरिकन मेलमध्ये तर सर्रास दिसतं. 'टच बेस' बेसबॉलमधून आलंय असं मानतात, ते ओळखीच्या माणसाशी 'जरा बोलून घेऊ' इतपतच ठेवावं.

माझं मत 'गेट इन टच'कडे झुकलं ते स्टेटस कॉलमुळे, म्हणजे काम कुठवर आलं ते सांगायच्या कॉलमुळे. टीममधलं कोणी म्हणतं 'आय रीच्ड आउट टू द व्हेंडर', आपण धरून चालतो की काम मार्गी लागलं, आणि दोन दिवसांनी कळतं की एक मेल गेलाय फक्त, समोरून काहीच उत्तर नाही, तोवर डेडलाइन डोक्यावर. बरं, तो खोटं बोलला असंही नाही, कारण रीच आउटमध्ये प्रयत्न केला एवढंच येतं. 'आय गॉट इन टच विथ देम' म्हटलं की संपर्क झाला असाच अर्थ साधारणपणे निघतो. आपल्याकडे 'फोन केला होता' आणि 'बोलणं झालं' यात जो फरक आहे ना, अगदी तोच. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

शिवाय टच एकदा बसला की बाकीचंही सोपं जातं: संबंध ठेवायचा तर 'कीप इन टच', तुटला तर 'लॉस्ट टच'. 'आउट ऑफ टच' तेवढं जपून, कारण माणसाला परिस्थितीची जाणच राहिली नाही असाही त्याचा अर्थ होतो.

आणि सरळ 'कॉन्टॅक्ट' का नको? चालतं की, फक्त पुढे 'टू' लावू नका, 'कॉन्टॅक्ट मी' एवढंच. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या 'एलिमेंट्स ऑफ स्टाइल' या इंग्रजी लेखनशैलीवरच्या पुस्तकात मात्र या क्रियापदाला मोघम आणि भाव खाणारं म्हटलंय आणि त्याऐवजी 'गेट इन टच' सुचवलंय. आज इतकं कडक कोणी राहत नाही.

अर्थात क्लायंट स्वतःच 'रीच आउट' लिहीत असेल तर उत्तरात तेच वापरा, काही बिघडत नाही. स्टेटसमध्ये मात्र 'गॉट इन टच' लिहा, तेही खरंच बोलणं झालं असेल तरच, आणि नसेल झालं तर मेल कधी टाकला ते लिहा.