फ्रीज घ्यायचा तर आधी मोजायची टेप काढा

शोरूममध्ये नजर जाते दाराच्या रंगावर आणि लिटरच्या आकड्यावर. लिटर दोन प्रकारचे असतात, ग्रॉस म्हणजे आतली एकूण जागा आणि नेट म्हणजे वापरता येणारी. तुलना करायची ती नेटचीच, कारण सामान प्रत्यक्षात तेवढ्याच जागेत मावतं.

आता स्वयंपाकघरातली जागा. जुन्या फ्रीजच्या पाठीवर काळी जाळी दिसायची. आताच्या बऱ्याच मॉडेलांत त्या जाळीतली उष्णता सोडणारी नळी बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून चालू फ्रीजच्या कडा हाताला गरम लागतात. तो बिघाड नव्हे, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. फ्रीज दोन कपाटांच्या मध्ये गच्च बसवला की काँप्रेसरला उसंत मिळत नाही आणि वीजबिल वाढतं. पुस्तिकेत मोकळ्या जागेचं माप दिलेलं असतं, ते पाळा. नसेल तर बाजूंना आणि मागे ५ सेंमी, वर १० सेंमी सोडा. कपाटात बसवायचाच असेल तर त्यासाठी बनवलेलं बिल्ट-इन मॉडेल घ्या, साधं मॉडेल तिथे कोंबू नका.

दाराचा घोळ याहून जास्त वेळा होतो. फ्रीज कोपऱ्यात भिंतीला लागून ठेवला की दार जेमतेम ९० अंश उघडतं. तेवढ्यात दूध काढता येतं, पण भाजीचा ड्रॉवर दारातल्या बाटल्यांच्या कप्प्याला अडतो. शोरूममध्ये दार काटकोनात धरून ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो का ते बघा. येत नसेल तर बिजागरीच्या बाजूला जागा सोडावी लागेल, किंवा दार दुसऱ्या बाजूने उघडेल असं बसवून घ्यावं लागेल. ही सोय सगळ्या मॉडेलांत नसते.

फ्रीझर वर की खाली? फ्रीजचा कप्पा दिवसातून कितीतरी वेळा उघडला जातो, फ्रीझर मोजून एक-दोनदा. मग वाकायचं कशासाठी जास्त? आमचं मत खालच्या फ्रीझरला. त्याचे ड्रॉवर थंड हवाही धरून ठेवतात. वर फ्रीझर असलेलं मॉडेल बहुधा स्वस्त पडतं, हाच त्याचा खरा गुण. साइड-बाय-साइड, म्हणजे फ्रीज आणि फ्रीझर शेजारी-शेजारी असलेला, ऐटबाज दिसतो, पण त्याचा फ्रीझर उभा नि अरुंद, रुंद ट्रे आडवा जातच नाही.

डायरेक्ट कूल प्रकारच्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या भिंतीच थंड होतात आणि त्यांवर बर्फ साचतो. थर ५ मिमीच्या वर गेला की डीफ्रॉस्ट करायचं, म्हणजे बर्फ वितळू द्यायचा. बर्फ सुरीने खरवडायचा मोह मात्र आवरा. आतली नळी फुटली की गॅस जातो आणि दुरुस्ती परवडण्यासारखी राहत नाही. शिवाय आजकाल बहुतेक फ्रीजमध्ये आर६००ए हा ज्वलनशील गॅस असतो.

फ्रॉस्ट फ्री प्रकारात कॉइल, म्हणजे थंड करणारी नळी, आड लपलेली असते, पंखा थंड हवा फिरवतो आणि ठरावीक वेळाने हीटर कॉइलवरचं दव वितळवतो. ते पाणी एका बारीक नळीतून काँप्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने सुकतं. भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचू लागलं तर बहुधा ही नळी तुंबलेली असते. फ्रीजच्या मागच्या भिंतीत तळाशी भोक दिसत असेल तर त्यात कोमट पाणी पिचकारीने हळूहळू सोडा. हवेच्या झडपेसमोर डबे ठेवले तर मागे भाजी गोठते आणि दारातलं दूध नासतं.

एकच कॉइल दोन्ही कप्प्यांना हवा पुरवत असेल तर वासही इकडून तिकडे जातो आणि पालेभाजी लवकर सुकते. दोन्हींना वेगळी कॉइल असलेलं मॉडेल महाग, पण पैसे तिथे घालावेत. दारातून बर्फ-पाणी देणाऱ्या यंत्रावर घालू नयेत. ते आतली जागा खातं आणि त्याचा फिल्टर सतत बदलावा लागतो.

फ्रीझरवरचे तारे हे विजेच्या रेटिंगचे तारे नव्हेत. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. ताजं अन्न घरी गोठवायचं असेल तर चार ताऱ्यांचा फ्रीझर बघा.

फ्रीज घरी आला की दारात कागद अडकवून ओढा. सहज सुटला तर तिथलं रबर नीट बसत नाही. वाहतुकीत तो आडवा आला असेल तर उभा करून काही तास थांबा, काँप्रेसरचं तेल खाली उतरू द्या, मगच प्लग लावा. डायलवरचे आकडे अंश नसतात, बहुतेक ठिकाणी आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर घालून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी ५ अंशांच्या वर दिसला तर डायल एक घर पुढे सरकवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.