तापणारं जॅकेट, ग्लोव्हज, ग्रिप : चार महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, निफाड-नाशिकच्या पहाटा आणि मध्ये स्पितीची एक शिमला-काझा फेरी, सगळं मोटरसायकलवर, एवढ्यावर हे लिहितो आहे. सेट असा: 12 व्होल्टचं जॅकेट लाइनर, म्हणजे जॅकेटच्या आत घालायचं तापणारं अस्तर (75 वॉट), त्याच्याच बाहीत जोडायचे ग्लोव्हज (जोडीला 28 वॉट) आणि हँडलच्या तापणाऱ्या मुठी, म्हणजे ग्रिप (36 वॉट). गाडी एका सिलिंडरची, 400 सीसीच्या घरातली.

निफाडला थंडी कशाला लागते म्हणणाऱ्यांसाठी: पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात त्या उगाच नाही. 5 अंशांना ताशी 60 ने गेलं, तर उघड्या कातडीला ते उणे 2 सारखं लागतं.

आधी विजेचा हिशेब, कारण पैसे वाया जातात ते इथेच. अशा गाडीच्या अल्टरनेटरवर (इंजिनवर चालणाऱ्या वीज-जनित्रावर) 200-220 वॉट लिहिलेलं असतं, पण ते इंजिनच्या चढ्या फेऱ्यांना. हॅलोजन हेडलाइट 55-60 वॉट खातो, शिवाय फ्युएल पंप, इग्निशन, टेललाइट. हातात उरतात 80 ते 100 वॉट, आणि आपला सेट मागतो 139. म्हणजे तिन्ही वस्तू फुल ठेवून चालणारच नाही. हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर लावा. चालत्या गाडीत 13.8 ते 14.3 दिसलं पाहिजे. 12.8 च्या खाली गेलं की बॅटरी रिकामी होते आहे असं समजा आणि आधी ग्रिप बंद करा. सिग्नलला, घाटातल्या जाममध्ये, आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) सगळंच बंद. हेडलाइट एलईडी असेल तर बरीच सुटका होते.

ग्रिप आधी का बंद करायच्या? छाती-पोट गार पडलं की शरीर बोटांचं रक्त आखडतं घेतं. धड उबदार असेल तर बोटं निम्मी आपोआप सावरतात. म्हणून एकच वस्तू घ्यायची असेल तर लाइनर घ्या. ग्रिप फक्त तळवा तापवते, बोटांच्या पाठीवर वारा बसतच राहतो. साधे हँडगार्ड (हातापुढचे वारा अडवणारे पत्रे) लावल्यावर जो फरक पडतो, तो ग्रिपची एक पायरी वाढवूनही पडत नाही.

लाइनर अंगाला घट्ट बसणारं हवं. ढगळ असलं तर तार नुसती हवा तापवते. आत पातळ थर्मल, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन नको, घामाने ओलं होतं आणि थांबलं की हुडहुडी भरते. कंट्रोलर चालू-बंद बटणाचा नको, पायऱ्यांचा हवा. चार महिन्यांत बहुतेक वेळ निम्म्यावरच चाललं.

वायरिंग: लाइनर आणि ग्लोव्हज मिळून साडेसात अँपिअर घेतात. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत 10 अँपिअरचा फ्यूज, पुढे 2.5 स्क्वेअर एमएमची तार, मध्ये चार पिनांचा रिले (विजेवर चालणारा स्विच; आकडे पिनांचे): 30 ला फ्यूजकडून, 87 सॉकेटकडे, 86 ला टेललाइटच्या तारेवरून ट्रिगर, 85 अर्थ. किल्ली बंद की सगळं बंद, विसरायची सोय नाही. सॉकेट डाव्या बाजूला, सीटच्या पुढच्या कडेला काढा. प्लग गोल, सरळ ओढला की सुटणारा घ्या, कारण तो न काढता उतरणं प्रत्येकाकडून एकदा तरी होतं. सॉकेटला रबरी टोपी आणि आत सिलिकॉन ग्रीस, नाहीतर एका पावसात हिरवट गंज चढतो. इन्सुलेशन टेपवर भरवसा नको, हीट श्रिंक (तापवलं की आकसून तारेला घट्ट बसणारी नळी) वापरा.

ग्रिप बसवताना दोन गोष्टी. डावी ग्रिप उजवीपेक्षा गार लागते ती बिघडलेली नसते. उजवीखाली थ्रॉटलची प्लास्टिक नळी असते, डावीची उष्णता थेट लोखंडी हँडल ओढून घेतं. डाव्या बाजूला हँडलवर आधी हीट श्रिंकचा एक थर चढवला की फरक कमी होतो. दुसरी गोष्ट जिवाची: उजव्या ग्रिपच्या तारेला पुरेशी ढील ठेवा. हँडल दोन्ही टोकांना वळवून, थ्रॉटल पूर्ण पिळून सोडा. तो खटकन परत आलाच पाहिजे.

बिघाड एकच झाला. तिसऱ्या महिन्यात डावा ग्लोव्ह थंड. मल्टिमीटरवर उजवा 12-13 ओहम, डावा उघडा, म्हणजे आत तार तुटलेली. मनगटाशी, जिथे प्लगची तार शिवणीत शिरते, तिथे ती रोजच्या वाकण्याने आतून तुटली होती, वरचं रबर मात्र धड. शिवण उसवली, दोन सेंटिमीटर कापून सोल्डर केलं, हीट श्रिंक चढवलं, चालू. ग्लोव्हज काढताना बोटांकडून ओढा, प्लगच्या तारेला धरून नाही.

बॅटरीवाले 7.4 व्होल्टचे ग्लोव्हज शहरातल्या तासाभराच्या पहाटेला उत्तम. फुलवर दोन-अडीच तास धरा, कडाक्यात त्याहून कमी. स्पितीत रात्री सेल पांघरुणात घेऊन झोपा. शून्याखाली गारठलेला लिथियम सेल चार्जला लावला की कायमचा खराब होतो.

मधुमेहाने बोटं बधिर असलेल्यांनी सर्वांत खालच्या पायरीवरच राहावं. 44 अंशांचा सततचा स्पर्शही काही तासांत कातडी भाजतो, आणि बधिर हाताला ते कळत नाही.

पायांसाठी वीज खर्च केलेली नाही. लोकरी मोजे आणि बुटावर वारा अडवणारं कव्हर, तेवढ्यावर काझा झालं.