"बिल आहे का, मॅडम?"

हा प्रश्न मला ज्याने विचारला, त्यानेच नऊ दिवसांपूर्वी तो लॅपटॉप मला विकला होता. तेव्हा मी 'ताई' होते. ताई, हेच मॉडेल घ्या. ताई, पाच-सहा वर्षं बघायला नको. तोच लॅपटॉप परत घेऊन गेले आणि एकदम 'मॅडम' झाले. बिल आहे का? नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

आधी माझी चूक सांगून टाकते. दुकानदाराने बिल दिलं नाही असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते, पण खरं म्हणजे ते मीच सोडलं होतं. घासाघीस चालू होती आणि तो म्हणाला, "रोख देत असाल तर अजून थोडे कमी करतो. फक्त पक्कं बिल लगेच मागू नका, दोन दिवसांत मोबाइलवर पाठवतो." मी विचारलं, वॉरंटीचं काय? "वॉरंटी कंपनीची असते ताई. ती सिरियल नंबरवर चालते, कागदावर नाही." हे वाक्य अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मला पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं.

त्या दिवशी खटकायला हवं होतं असं बरंच काही होतं. खोकं आधीच उघडलेलं. "तुमच्यासाठी सगळं टाकून तयार ठेवलाय," म्हणाला, आणि मला चक्क बरं वाटलं, तेवढाच त्रास वाचला. बुकिंगचे पैसे मी आदल्या दिवशी मोबाइलवरून पाठवले होते, ते दुकानाच्या नावावर न जाता कुणा माणसाच्या नावावर गेले. "घरचंच खातं आहे." बरं. झाकणावर पारदर्शक फिल्म होती आणि तिच्या एका कोपऱ्याखाली केसाएवढा निळसर तंतू अडकलेला. मी तो नखाने काढायचा प्रयत्नही केला, निघाला नाही, कारण तो फिल्मच्या आत होता. कारखान्यात लावलेल्या फिल्मच्या आत स्वेटरचा धागा कुठून येईल? हा प्रश्न मला महिनाभराने पडला.

बिघाड तसा साधा होता. झाकण अर्धं उघडं असेपर्यंत स्क्रीन ठीक, जरा मागे झुकवली की थरथरायची आणि मग आडव्या रेघा. पुन्हा पुढे घेतली की शांत. मी दुसरा मॉनिटर जोडून पाहिला, त्यावर चित्र अगदी स्वच्छ. म्हणजे ग्राफिक्सचा दोष नव्हता. स्क्रीनची केबल बिजागरीतून जाते, ती तिथे दुमडत किंवा चेपली जात असणार. मी व्हिडिओ काढून त्याला पाठवला. "बघतो ताई." बिल पाठवा म्हटलं. "हो, त्या लॅपटॉपचं बिल उद्या पाठवतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. या उद्यांना पुढे किंमत येणार आहे याची तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

दुकानात गेल्यावर त्याने संगणकावर माझं नाव टाकलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, बघा, एंट्रीच नाही. एंट्री कशी असेल? ती करायचीच नाही असं तर ठरलं होतं! माझ्या बँकेच्या नोंदीत एका माणसाचं नाव, दुकानाचं नाही. बाकीचे पैसे रोख. "आमच्याकडून घेतलाय हे कशावरून?" हे विचारताना आवाजात राग नव्हता, उलट समजूत घातल्याचा सूर होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

पुढची चूक मात्र निव्वळ बावळटपणाची. वाद वाढतोय बघून आतून मालक आला, त्याने चहा विचारला, आणि "बिल राहू दे, ओळखीवर बघून देऊ, ठेवून जा" म्हणाला. मी ठेवून आले. जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला ठेवल्याची पावती, घेतली नाही, सिरियल नंबर लिहून घेतला नाही, बाहेरून कसा आहे याचे फोटो काढले नाहीत. वर "टेस्टिंगसाठी लागेल" म्हणून पासवर्डही एका चिठ्ठीवर लिहून दिला. माझे सगळे मेल, फोटो, बँकेची कागदपत्रं त्यात होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

सहा दिवसांनी परत मिळाला तो त्याच थरथरीसकट. उलटा करून पाहिला तर खालचे दोन स्क्रू खरवडलेले आणि एक गायब. मी काही बोलायच्या आत मालक म्हणाला, "मॅडम, हा बाहेर कुठेतरी उघडलेला आहे. अशा मालाला कंपनी हात लावत नाही." मी म्हटलं, तुम्हीच उघडलात. तो म्हणाला, "काही लेखी आहे का?"

लेखी काही नव्हतं. दुसऱ्यांदा.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर टाकला आणि सांगितलं की वॉरंटी १४ महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि दोन महिन्यांपूर्वी संपली. माझ्याकडे तो यायच्या आधीच. मी दुकानाच्या वतीने बोलल्यासारखं म्हटलं, माल गोदामात पडून असेल. हे होतं, असं तीही म्हणाली. माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून वॉरंटी मोजली जाते, गिऱ्हाइकाने तो नंतर घेतला असेल तर खरेदीची तारीख दाखवून दुरुस्त करून घेता येते. "बिल आहे का?" तिनेही तोच प्रश्न विचारला. सिरियल नंबर यंत्राची ओळख पटवतो. ते तुम्ही कधी घेतलं हे फक्त बिल सांगतं. दुकानदाराच्या वाक्यातलं उरलेलं अर्धं ते हे.

आतल्या इंजिनिअरला माझी दया आली असावी. त्याने आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', मग तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं. हे विंडोजमध्येच असतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, आणि मला ते आधी माहीत असतं तर दुकानाच्या काउंटरवरच करून बघितलं असतं. एक पान तयार झालं. बॅटरीची मूळ क्षमता ५०,००० मिलीवॉट-तास, आता पूर्ण चार्ज केल्यावर भरते ४१,००० च्या आसपास. खाली सायकल काउंट: ३१२. सायकल म्हणजे बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतका वापर, मग तो एका बैठकीत असो की तुकड्यातुकड्यांनी. नव्या लॅपटॉपला तिथे शून्य किंवा फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका आकडा असतो. मग त्याने एसएसडीची, म्हणजे फायली साठवणाऱ्या आतल्या डिस्कची, नोंद काढली. चालू असलेले तास: २,९००. विंडोज नव्याने टाकून फायली पुसता येतात, पण हे आकडे बॅटरी आणि डिस्क स्वतःच्या आत ठेवतात, फॉरमॅट करून जात नाहीत. गोदामात पडून असलेला लॅपटॉप २,९०० तास चालत नाही.

म्हणजे मला वापरलेला लॅपटॉप नवा म्हणून दिला होता. घरी येऊन माळ्यावरचं खोकं काढलं. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि यंत्राच्या पोटावरचा नंबर, शेवटची पाच अक्षरं वेगळी. खोकं दुसऱ्याच लॅपटॉपचं होतं. इतके दिवस ते घरात होतं आणि मी एकदाही ताडून पाहिलं नव्हतं. पक्क्या बिलावर सिरियल नंबर छापावा लागला असता, म्हणून बिल नको होतं. मला वाटत होतं त्याने कर चुकवला आणि मला थोडी सूट दिली. सूट कसली!

आता हातात काय होतं? त्याची 'उद्या'. "त्या लॅपटॉपचं बिल उद्या पाठवतो" हा निरोप, तारीख-वेळेसह, चार वेळा. वर मी पाठवलेला व्हिडिओ, ज्यात खालचा नंबर ओझरता दिसत होता, आणि त्यावर त्याचं "बघतो ताई". बिल नसलं तरी विक्री झाल्याची ही त्याच्याच हातची कबुली होती. मी हे सगळं छापून घेतलं, बुकिंगच्या पैशांची नोंद जोडली, बॅटरीचा अहवाल, दोन नंबरांचे फोटो, सर्व्हिस सेंटरने लिहून दिलेला कागद. वर एक पानी तक्रार आणि ग्राहक न्यायालयात जाणार असल्याचा उल्लेख. फोनवर भांडण्यात दोन आठवडे घालवले होते, या पानाला एक संध्याकाळ लागली.

दुपारी दुकानात गर्दी असताना गेले, मुद्दामच. मालकाने कागद चाळले. सायकल काउंटच्या पानावर थांबला, मग मला लॅपटॉप विकणाऱ्याकडे बघितलं, मग मला आत बोलावलं. मी आत गेले नाही. काउंटरवरच बोलू म्हटलं. शेजारी एक बाई मुलासाठी लॅपटॉप बघत होत्या, त्या हातातला ठेवून आमच्याकडे बघायला लागल्या. तेवढं पुरलं.

पूर्ण पैसे मिळाले नाहीत. दोनतृतीयांश देतो म्हणाला, नाहीतर खुशाल तक्रार करा. लढायला हवं होतं असं काही मित्र म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. मला काम अडलेलं होतं, मी घेतले. लॅपटॉप परत देण्याआधी माझ्यादेखत सगळं पुसून तो मूळ स्थितीत आणायला लावला, तोवर पासवर्ड सगळीकडचे बदलून झाले होते.

पैसे मोजून दिल्यावर तो म्हणाला, "मॅडम, एक सही लागेल. वापरलेला लॅपटॉप दुकानाला विकला, असं." मी म्हटलं, करते, पण मलाही प्रत द्या. त्याने लगेच टाइप केलं. माझं पूर्ण नाव, तारीख, मॉडेल, सिरियल नंबर बरोबर सगळ्या अक्षरांसकट, रक्कम, खाली दुकानाचं नाव. काउंटरवरचा प्रिंटर एका दमात खर्रकन चालला. कागद अजून कोमट होता. थर्मल कागद, शाई नसते, वरचा लेप उष्णतेने काळा होतो आणि काही महिन्यांत उडूनही जातो, म्हणून तिथेच उभी राहून मी त्याचा फोटो काढला. त्या दुकानातून मला मिळालेलं ते एकमेव बिल.