कात्रणांतून वाचलेला महापौर : सोलापुरातील एका वाचनालयाच्या संदर्भसेवेविषयी

सोलापुरात नवी पेठेच्या परिसरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने वृत्तपत्रांतील कात्रणांचा व्यक्तिवार संग्रह जपला असून, सभासदांना तो संदर्भ विभागात बसून पाहता येतो. अशा सेवेचे मोल एखादी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचल्याशिवाय कळत नाही. मी मुंबईचे माजी महापौर मनोहर जोशी यांची फाइल मागितली आणि हा अभिप्राय तिच्याच आधारे लिहीत आहे.

या फाइलचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची मांडणी. कात्रणे पदांनुसार वेगळी न काढता तारखांच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे, रायगड जिल्ह्यातील नांदवीत १९३७ साली जन्मलेला, १९६१ मध्ये मुंबईत कोहिनूर क्लासेस सुरू करणारा एक शिक्षक १९६८ मध्ये नगरसेवक, १९७२ मध्ये विधान परिषदेचा सदस्य आणि १९७६-७७ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या काळात, महापौर कसा झाला, हे वाचकाला टप्प्याटप्प्याने दिसते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्तांच्या हाती ठेवले आहेत आणि महापौराकडे मुख्यतः सभागृहाचे अध्यक्षपद आहे. १९६४ मध्ये महापालिका झालेल्या आपल्या सोलापुरातही महापौर आणि आयुक्त यांच्यातील वाटणी बहुतांशी अशीच असल्याने, येथील वाचकाला तो भाग वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

सभा चालवण्याचे हेच काम जोशी यांच्याकडे पुढे फार मोठ्या पातळीवर आले. जी. एम. सी. बालयोगी यांच्या अपघाती निधनानंतर मे २००२ मध्ये ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. महापालिकेच्या सभागृहापासून लोकसभेपर्यंतचा हा धागा मला मुख्यमंत्रिपदाइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो लक्षात आला तो केवळ तारखांच्या क्रमामुळे. मुख्यमंत्रिपदाचा काळ अर्थातच सर्वांत जाड आहे. मार्च १९९५ मधील शिवाजी पार्कवरील शपथविधी, एक रुपयात झुणका-भाकर, मुंबईतील उड्डाणपूल, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, सारे तेथे आहे. झुणका-भाकर केंद्रांवरील एका कात्रणाच्या कडेला कोणी तरी बारीक अक्षरात तारीख आणि पृष्ठक्रमांक लिहून ठेवला आहे. खळीने शेवटची ओळ खाल्ली असली तरी त्या नोंदीमुळे मूळ अंक शोधता येतो. इतक्या काळजीने काम करणाऱ्या त्या अनाम कर्मचाऱ्याचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

एक उणीव मात्र गंभीर आहे. पुण्यातील शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाच्या प्रकरणात जावयाचे नाव आल्यानंतर जोशी यांना जानेवारी १९९९ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याविषयीची कात्रणे या फाइलमध्ये नसून विषयवार संग्रहात वेगळ्या पाकिटात आहेत, आणि त्याची सूचना फाइलवर कोठेही नाही. ज्याने विचारले नाही, त्याला या कारकिर्दीतील सर्वांत कठीण प्रसंग न वाचताच उठावे लागेल. ग्रंथपालांना विचारताच त्यांनी पाकीट तत्परतेने काढून दिले, हे खरे. परंतु संदर्भसेवा वाचकाच्या पूर्वमाहितीवर अवलंबून असू नये. मुखपृष्ठावर एक ओळ लिहिली तरी हे काम भागेल.

२००४ मधील लोकसभेचा पराभव, २००६ ते २०१२ ही राज्यसभेची वर्षे आणि २०१३ च्या दसरा मेळाव्यात घोषणाबाजीमुळे त्यांना व्यासपीठ सोडावे लागल्याचा प्रसंग थोडक्यात आहे. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी झालेल्या निधनाची बातमी आहे. २०२५ मध्ये मरणोत्तर जाहीर झालेल्या पद्मभूषणाची अजून लावलेली नाही.

जुन्या कात्रणांचा कागद तुटत असल्यामुळे त्यांची झेरॉक्स मिळत नाही, मोबाइलवर छायाचित्र घेता येते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि पालिकेचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनी ही सेवा अवश्य वापरावी, आणि फाइल मागतानाच विषयवार पाकिटेही मागून घ्यावीत.